खानावळवालीचं गाणं कोणी गायचं

त्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका अजून माझ्याकडे आहे. शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली. फेकायला म्हणून तीनदा बाहेर काढली आणि तीनदा परत ठेवली, कारण राग शिळा होऊ नये असं मला वाटतं.

पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, ‘ज्येष्ठांनी सादर केलेली मराठी म्युझिकल’. छापणाऱ्याला ‘म्युझिकल’ या शब्दाचा अर्थ माहीत नसेल, त्याचं मी काही म्हणत नाही. पण ज्यानं तो छापायला दिला त्यालाही तो माहीत नव्हता. आणि हे कळायला मला, सातवीनंतर शाळा सुटलेल्या आणि लोकांचे ब्लाऊज शिवून म्हातारी झालेल्या बाईला, किती दिवस मोबाईलमध्ये डोळे फोडावे लागले ते माझं मला ठाऊक.

आता पहिल्यापासून सांगते. आमच्या भागात ज्येष्ठ नागरिकांचं मंडळ आहे. संध्याकाळी पाच ते सात आम्हाला समाजभवनाचा हॉल मिळतो. एरवी तिथं योगासनं, वाढदिवस आणि गुडघेदुखीच्या गप्पा. तिथं एक दिवस चाळिशीचा माणूस आला. मंडळातल्याच एका काकांचा मुलगा, मुंबईला नाटकाची कामं करून परत आलेला. हसरा, गोड बोलणारा, आल्या आल्या सगळ्यांना मावशी, काका करून टाकलं. म्हणाला, आपण नाटक बसवू. तुमच्याच आयुष्यातली गोष्ट घेऊ, त्यात गाणी असतील. तुम्हीच बोलायचं, तुम्हीच गायचं.

हे शेवटचे शब्द ध्यानात ठेवा. मी ठेवलेत.

गोष्ट ठरली ती माझ्या मैत्रिणीची. ती मागच्या गल्लीत राहते. मूळची सावनेरकडची. नवरा तिकडं कोळसा खाणीत होता, तो लवकर गेला. लहानग्या मुलाला घेऊन ती नागपूरला आली आणि कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ काढली. उभं आयुष्य त्या चुलीपुढं काढलं. नाटकात गोष्ट अशी, की तिच्याकडे जेवून मोठा झालेला एक पोरगा साहेब होऊन त्याच गल्लीत येतो, तिच्या दारात उभा राहून पत्ता विचारतो आणि तिला ओळखत नाही. मग ती त्याला बोलते. बोलता बोलता तिचं गाणं होतं. एवढंच नाटक. संवाद तिच्याच तोंडचे, मी फक्त वहीत उतरवले. ओळी जुळवल्या मी, पण शब्द तिचे. तिची भूमिका दुसरं कोणी करेल हा विचारच कोणाच्या डोक्यात आला नाही.

ती उभी राहून साहेबाला बोलायची, “काहून रे, पहिल्या दिवशी मीठ मांगायले लाजत होता तू! चौथ्या पोळीले मान हलवून नको म्हणे, अन् डोळे मात्र डब्यावर! ताप आला तं मऊ भात कोणं केला होता तुह्यासाठी? तुह्या मायनं?” आणि आवाज चढत चढत बोलण्याचंच गाणं व्हायचं:

किती रे ताटं मांडली म्या, किती रे ताटं घासली,
ज्याले त्याले भूक पुसली, माही कोनं पुसली?

पहिल्यांदा तिनं हे म्हटलं तेव्हा हॉलमधला पंखा तेवढा ऐकू येत होता.

प्रयोगाला तिचा मुलगा पुण्याहून येणार होता. खानावळीच्या त्या वर्षांत हा पोरगा शाळेत सांगायचा की माझी आई घरीच असते. मित्राला कधी घरी आणलं नाही. मोठा झाल्यावर चांगला वागतो, पैसे पाठवतो, फोन करतो, पण खानावळीचा विषय निघाला की बोलणं बदलतो. ती मला म्हणाली होती, “बाई, मले बाकीच्यांचं काही नाही. त्याच्यासमोर मले हे एक डाव गाऊन घेऊ दे. मंग मंडळ बंद पडलं तरी चालते.”

एवढंच तिला हवं होतं, आणि त्यातही त्या दिग्दर्शकानं हात घातला.

माझे वडील पेटी वाजवायचे. धम्मदीक्षेनंतरच्या दिवसांत आमच्या वस्तीत जलशाची, म्हणजे बोलून-गाऊन समाजाला जागं करणाऱ्यांची, पार्टी होती, गावोगावी जायची. वडिलांची एक रीत होती. बोलणारा माणूस बोलत असला की वडिलांचे दोन्ही हात मांडीवर. पेटीवर नाही, मांडीवर. तो बोलता बोलता ज्या सुरात गाण्यात शिरेल तो सूर वडील पकडायचे, आणि मग हात वर यायचे. आधी सूर द्यायचा नाही. मी लहान असताना विचारलं होतं, तर म्हणाले, “तो मनातलं सांगून राहिला, मी मधात खुंटी काहून ठोकू?” कोणी उंच चढला तर वडील उंच जायचे, कोणाचा आवाज फाटला तर पेटी हळू करून त्याला जागा द्यायचे. त्यांची पेटी माझ्याकडे आहे. तालमींना मीच ती घेऊन बसायची, आणि हात मांडीवर ठेवायची. माझ्या मैत्रिणीला तेच जमायचं. ती दर वेळी वेगळ्या सुरात गाण्यात शिरायची, त्या दिवशी साहेबाचा राग किती आला त्याप्रमाणे.

महिनाभर सगळं छान चाललं. मग दिग्दर्शकानं एक दिवस तालीम मोबाईलवर रेकॉर्ड केली आणि कानात यंत्र घालून ऐकली. ऐकताना त्याचा चेहरा पाहत होते मी. मापात चूक झालेला ब्लाऊज घालून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाचा असतो तसा.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, “मावशी, अभिनय शंभर टक्के तुमचाच. फक्त गाणं आपण ट्रॅकवर घेऊ. धरमपेठेतल्या एक गायिका आहेत, वीस वर्षं शिकवतात. त्या गातील, रेकॉर्ड करू, तुम्ही नुसते ओठ हलवायचे.”

माझी मैत्रीण खुर्चीवर जाऊन बसली. माझंच तोंड उघडलं. “म्हणजे हिच्या तोंडी दुसरीचा आवाज?”

“मावशी, वरच्या ओळीला आवाज फाटतो त्यांचा. ऑपेरात वगैरे बघा, आवाज हीच मुख्य गोष्ट असते.”

“हा ऑपेरा आहे का?”

“नाही, ही म्युझिकल आहे.”

“मग ऑपेरात काय असतं ते मले काहून सांगून राहिला तू?”

सगळे हसले. तो हसला नाही. म्हणाला, “त्यात बारकावे असतात मावशी. तुम्हाला नाही कळायचे.”

नाही कळायचे! त्या एका वाक्यावर मी घरी पायी गेले, रिक्षाही केली नाही.

माझी नात मिहानमध्ये एका कंपनीत काम करते. तिला म्हटलं, मला हे ऑपेरा, म्युझिकल काय ते लावून दे. ती म्हणाली, “आजी, झोप ना.” मी म्हटलं, झोप गेली उडत. तिनं मोबाईलवर लावून दिलं आणि मी काज-बटण करता करता पाहत बसले. रोज दुपारी. भाषा एकही कळत नव्हती, पण माणसं कळतात हो.

ऑपेरा म्हणजे सगळं गाऊन. दार उघड, हेही गाऊन, चिठ्ठी आली, हेही गाऊन. माईक नाही, समोर पन्नास वाद्यं, आणि त्या सगळ्यांच्या वरून आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जायला पाहिजे. त्यासाठी बायका-माणसं वर्षानुवर्षं गळा तयार करतात. म्हणून तिथं भूमिका गळ्याला मिळते. सोळा वर्षांच्या पोरीचं काम साठीची धिप्पाड बाई करते, आणि लोक तक्रार करत नाहीत, कारण ते पोरगी पाहायला आलेलेच नसतात. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, एक बाई मरता मरता इतकं गायली की माझी सुई बोटात गेली.

शोधता शोधता ऑपेरेटाही सापडला, म्हणजे ऑपेराची धाकटी, खट्याळ बहीण. मध्ये मध्ये साधं बोलणं, थट्टामस्करी, शेवटी लग्न. पण गाणं आलं की पुन्हा तोच तयारीचा गळा लागतो.

आणि म्युझिकल? तिथं बोलणं, गाणं, नाचणं तिघं मिळून गाडा ओढतात. माणूस जसा बोलतो तसाच गातो. शब्द कळलाच पाहिजे. बोलून भागत नाही तेव्हा तो गातो, आणि गाणं संपतं तेव्हा गोष्ट एक पाऊल पुढं गेलेली असते. त्यांच्यातही सरमिसळ आहे म्हणे. काही म्युझिकलमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत गातातच. म्हणून नुसतं ‘मध्ये बोलतात का’ हे पाहून भागत नाही. मी माझ्यापुरतं एक माप काढलं: भूमिका आधी गळ्याला दिली की माणसाला? गळ्याला दिली असेल तर ऑपेराकडे जा. माणसाला दिली असेल तर त्याचा जो असेल तो गळा घ्या, आणि गप्प बसा.

त्या मापात आपलं संगीत नाटक घातलं तर काय निघतं पाहा. मध्ये बोलणं आहे, पण लोक यायचे गायकासाठी. नायिका विरहात बसलेली, नायक दारात आलेला, आणि प्रेक्षकांना तेच पद पुन्हा पाहिजे. मग गोष्ट बिचारी बाहेर चपला सांभाळत उभी. आणि माझ्या वडिलांचा जलसा? तो म्युझिकल होता. हा शब्द वडिलांनी आयुष्यात ऐकला नव्हता, आणि त्यांना तो या दिग्दर्शकापेक्षा चांगला कळत होता. हे लक्षात आलं तेव्हा मी हातातला ब्लाऊज भिंतीवर फेकला. गिऱ्हाइकाचा होता, पण फेकला.

आता मला वाटत होतं की मी तडक जाईन आणि त्याला हे सगळं ऐकवीन. आणि इथं माझीच लाज आहे, तीही सांगायला हवी, नाहीतर मी नुसती दुसऱ्यावर ओरडणारी म्हातारी.

नाटकात माझंही काम होतं. खानावळीतली भांडी घासणारी. दोन कडव्यांचं गाणं होतं माझं. मी जायच्या आधी दिग्दर्शकच माझ्याकडे आला, चहा प्यायला, आणि म्हणाला, “मावशी, तुमचं गाणं मात्र तुम्हीच म्हणायचं हं. तुमचा सूर पक्का आहे. पेटीवाल्यांची लेक ना तुम्ही!”

आणि मी गप्प बसले. वडिलांचं नाव घेतलं म्हणून फुशारून गप्प बसले. आठ दिवस. त्यातल्या दुसऱ्याच दिवशी धरमपेठेच्या बाईंनी गाणं रेकॉर्ड केलं. बाई चांगल्या होत्या, त्यांचा काही दोष नाही. गायल्याही सुरेख, लोणी. पण ते ऐकून मला वाटलं, या बाईनं कधी कोणाला चौथी पोळी वाढलेली नाही.

ट्रॅक लावून तालमी सुरू झाल्या. आणि माझ्या मैत्रिणीची दर वेळी एकच चूक. बोलणं संपलं की तिचं गाणं लगेच निघायचं, स्वतःच्या सुरात. ट्रॅकमध्ये आधी बासरी होती, चार मात्रांची. म्हणजे ही सुरू व्हायची, मग बासरी, मग धरमपेठ. दोन आवाज, दोन सूर, एक तोंड.

“मावशी, चार मोजा. बोलणं संपलं की एक, दोन, तीन, चार, मग ओठ उघडा.”

“राग आल्यावर कोण मोजते बाप्पा?” ती म्हणाली.

“मोजायची सवय लावा.”

तिनं लावली. रोज भाजी निवडताना मोजायची. मी एकदा तिला म्हटलं, “तू भांडत काहून नाहीस?” तर माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तुह्यं गाणं ठेवलं नं त्यानं? झालं तं मंग.”

मेथीची काडी मोडावी तसं बोलली. मी घरी आले, आणि त्या संध्याकाळी मंडळात जाऊन सगळं ओकले. ऑपेरा, ऑपेरेटा, म्युझिकल, जलसा, माप, सगळं. म्हटलं, पत्रिकेवर म्युझिकल छापतोस आणि गाण्याच्या वेळी ऑपेराचा गळा भाड्यानं आणतोस, म्हणजे दोन्हींशी लबाडी. ऑपेरावाले निदान ज्याचा गळा त्यालाच उभं करतात!

तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, “मावशी, मुद्दा चांगला आहे. पण लोक बेसूर ऐकायला येत नाहीत.”

“रागावलेली बाई सुरात रागावते का रे?”

“ट्रॅक तयार आहे, मावशी.”

“मग माझंही गाणं काढ. मला नको.”

“जशी तुमची मर्जी,” म्हणाला, आणि काढलं. मला वाटलं होतं, माझ्या नकारानं तो नमेल. त्यानं वहीत रेघ मारली आणि पुढच्या प्रवेशाला लागला. आता दोघींचंही गेलं. माझ्या मैत्रिणीनं कपाळावर हात मारला. “तुले कोणं सांगितलं होतं वं, उशिरा शहाणी व्हायले?”

प्रयोग रविवारी दुपारी होता. हॉल भरलेला. तिचा मुलगा दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाईल, आईचं रेकॉर्डिंग करायला. मी रंगमंचाच्या कडेला, भांड्यांच्या ढिगामागे. पेटी घरीच.

ती बोलली. काय बोलली! साहेबाचं काम करणारे काका खरंच मागं सरकले. “तुह्या मायनं?” म्हणून तिनं हात वर केला, आणि मला दिसलं, लोकांना नाही दिसलं, पदराआड तिची बोटं मिटत होती. एक. दोन. तीन. चार. मग तिनं तोंड उघडलं आणि लोण्यासारखा आवाज बाहेर आला. एकही मात्रा चुकली नाही. टाळ्या पडल्या. मला भांडं उचलून कोणाच्या तरी डोक्यात घालावंसं वाटत होतं. कोणाच्या, ते नक्की करता येत नव्हतं, कारण आठ दिवस गप्प बसून मीही मोजलेच होते.

प्रयोगानंतर हॉलच्या मागच्या अंगणात समोसे आणि चहा. तिचा मुलगा धावत आला. डोळे भरलेले, खरोखर भरलेले. आईचे दोन्ही हात धरून म्हणाला, “आई, तू एवढी सुंदर गातेस? मला माहीतच नव्हतं!”

तिनं हात सोडवून घेतले. मग म्हणाली, “तो माहा आवाज नव्हता.”

“म्हणजे?”

“रेकॉर्ड होती. दुसऱ्या बाईची.”

“अरे! मला वाटलं तूच,” तो म्हणाला. आणि हसला. चांगल्या मनानं हसला, पण हसला.

“तुले वाटलं?” तिचा आवाज तिथूनच चढला. “काहून रे, बारावीपर्यंत कोणं उठवलं तुले? नळ आला म्हणून कोणं हाका मारल्या? त्या गल्लीच्या टोकापर्यंत जाये माहा आवाज, तू लाजून कान झाकून घे! शाळेत मित्राले काय सांगे? माय घरी असते म्हणे! तवा ओळखू येत होता नं? आता लोण्याचा आवाज ऐकला अन् म्हणे तूच!”

आजूबाजूचे समोसे थांबले. तिनं चार मोजले नाहीत. तिथंच, चहाच्या टेबलाजवळ, तिचं गाणं सुरू झालं. किती रे ताटं मांडली म्या. तालमीत कधी गायली नव्हती इतकी उंच. माझे हात आपोआप मांडीवर गेले, पेटी नव्हती तरी. वरच्या ओळीला आवाज फाटला. ‘माही कोनं पुसली’ मधलं ‘कोनं’ तर नुसती हवा होती. ती थांबली नाही, फाटलेलं तसंच पुढं नेलं आणि संपवलं.

मुलगा कागदी बशी हातात घेऊन उभा. बशीतली चटणी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर ओघळली होती, त्याला पत्ता नव्हता.

“आता ओळखला?” तिनं विचारलं.

“हो,” तो म्हणाला. मग बशी टेबलावर ठेवून म्हणाला, “मी खरंच कान झाकायचो, आई.”

“मले माहीत हाय. शर्ट पूस.”

आणि एवढ्यात आमचे दिग्दर्शक पुढं आले. डोळे पुसत म्हणाले, “मावशी, हेच! हेच हवं होतं मला. पुढच्या प्रयोगात हे असंच ठेवू या.”

मी आयुष्यात कोणावर हात उगारलेला नाही. त्या दिवशी हातात समोसा होता म्हणून वाचला तो. असंच ठेवू या म्हणे! ती महिनाभर तुझ्यासमोर असंच गात होती रे, तुझ्या कानात यंत्र होतं.

माझ्या मैत्रिणीनं त्याला एवढंच विचारलं, “बासरी राहीन का?”

तो म्हणाला, “बघू, थोडीशी.”

“मंग नाही,” ती म्हणाली, आणि मुलाला घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. आठ दिवस गप्प बसल्याचं मला बोलायचं होतं, पण जमेना. ती पोळ्या लाटत होती. मुलगा आत झोपला होता, पुण्याची गाडी पुढं ढकलून. मी म्हटलं, “मी चुकले वं.”

“हो,” ती म्हणाली. “जेवून जाय.”

दुसरा प्रयोग त्यांनी धरमपेठेच्या बाईंनाच उभं करून केला म्हणे. त्या स्वतःच गायल्या, ट्रॅकशिवाय. मी पाहायला गेले नाही, पण ते ऐकून पहिल्यांदा वाटलं, की चला, भूमिका सरळ गळ्यालाच दिली, त्याला निदान ऑपेरा कळला. नव्या पत्रिकेवर मात्र पुन्हा म्युझिकलच छापलं होतं.